दार बंद असताना केलेली पूजा: शिकोकूची ८८ मंदिरं आणि मुंबईतली आपली भक्ती

जपानच्या शिकोकू बेटावर ८८ बौद्ध मंदिरांची परिक्रमा आहे. ती करायला गेलेल्या मुंबईच्या भाविकाला चालण्याआधी दुसरीच एक गोष्ट जड जाते: मंदिरात पोचल्यावर देव दिसत नाही. गाभाऱ्याचं दार बहुतेक ठिकाणी मिटलेलं असतं, नाहीतर आत इतका अंधार असतो की दिव्यांच्या आणि पडद्यांच्या पलीकडे काही कळत नाही. अनेक मंदिरांतली मुख्य मूर्ती झाकूनच ठेवतात. काही मूर्ती ठरावीक वर्षांनी उघडतात, काही कधीच उघडत नाहीत. आपली सवय वेगळी आहे. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत, गणेशोत्सवात लालबागच्या रांगेत तास न् तास उभं राहायचं ते दर्शनासाठी. दर्शन झालं की यात्रा झाली. तिथे मात्र बंद दारासमोर उभं राहून आता करायचं काय, हेच सुचत नाही.

करायचं ते ठरलेलं आहे. त्याला क्रम आहे, आणि तो क्रम प्रत्येक मंदिरात दोनदा पाळायचा असतो. पुढे तोच नीट सांगतो. माझ्या मते या यात्रेचा आपल्या श्रद्धेवर जो काही परिणाम होतो तो निसर्गामुळे किंवा शांततेमुळे कमी आणि या क्रमामुळे जास्त होतो.

यात्रा ज्यांच्या नावाने चालते ते भिक्षू कूकाई, म्हणजे कोबो दाइशी. जन्म ७७४ सालचा, शिकोकूवरचाच. ८०४ मध्ये ते चीनला गेले, छांग-आन शहरात हुइकुओ या गुरूंकडे तंत्रमार्गाची दीक्षा घेतली, प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृतचे धडे घेतले आणि ८०६ मध्ये परत येऊन शिंगोन हा तांत्रिक बौद्ध पंथ उभा केला. ८३५ मध्ये शिकोकूबाहेरच्या, जपानच्या मुख्य बेटावरच्या कोया पर्वतावर ते समाधीत बसले. भक्तांच्या लेखी ते अजून समाधीतच आहेत, म्हणून तिथे रोज दोन वेळा त्यांच्यासाठी जेवण नेलं जातं. आळंदीला १२९६ मध्ये ज्ञानोबांनी घेतलेली संजीवन समाधी ज्यांच्या मनात वसलेली आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. परिक्रमा साधारण १,२०० किलोमीटरची. तोकुशिमा, कोची, एहिमे, कागावा या चार प्रांतांतून ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जाते. चार प्रांत म्हणजे साधनेचे चार टप्पे मानतात: संकल्प, तप, बोधी, निर्वाण. पूर्ण चालायला चाळीस ते पन्नास दिवस लागतात. बसने किंवा गाडीने दहा-बारा दिवसांत होते, आणि तिथले बहुसंख्य लोक तशीच करतात. त्यात कमीपणा कोणी मानत नाही.

मुंबईच्या नोकरदाराला पन्नास दिवस मिळणं कठीण. म्हणून तुकड्यातुकड्यांत करण्याची तिथली मान्य पद्धत घ्यावी. दोन आठवड्यांच्या रजेत तोकुशिमातली पहिली २३ मंदिरं, सुमारे दोनशे किलोमीटर, आठ ते दहा दिवसांत चालून होतात. पुढच्या वेळी जिथे थांबलो तिथून सुरुवात. व्हिसा काढताना किती दिवस राहायची परवानगी मिळते ते बघूनच बेत आखा. हवा चांगली असते ती मार्चअखेर ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. जून-जुलैत तिथेही पाऊस असतो, ऑगस्टमध्ये उकाडा असतो आणि सप्टेंबरमध्ये वादळं येतात. ओसाका किंवा कोबेहून बस मोठ्या पुलावरून आवाजी बेट ओलांडून तोकुशिमाला येते. तिथून छोट्या रेल्वेगाडीने बांदो स्टेशन, आणि स्टेशनपासून थोडं चाललं की पहिलं मंदिर, र्योझेन्जी.

सराव बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात करावा. मुख्य दारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा रस्ता डांबरी आहे, सहा-सात किलोमीटरचा, शेवटी चढ. पाठीवर सहा-सात किलो घेऊन जाऊन-येऊन केलं, तेही सलग दोन दिवस, की बूट कुठे चावतात ते कळतं. शिकोकूची वाटही बरीचशी डांबरीच आहे, त्यामुळे जाड तळाचे ट्रेकिंग बूट घेऊन जाणाऱ्यांच्या पायाला फोड लवकर येतात. अर्धा नंबर मोठे, मऊ तळाचे बूट आणि दुहेरी मोजे बरे. कान्हेरीला जाताच आहात तर ४१ नंबरच्या लेण्यात जा. तिथे अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व, कोरलेला आहे. शिकोकूच्या तेराव्या मंदिरात, दाइनिचीजीत, मुख्य दैवत तोच: अकरा मुखांचा कान्नोन, म्हणजे अवलोकितेश्वराचंच जपानी नाव. बोरिवलीच्या डोंगरात तो उघड्यावर आहे आणि त्याच्यासमोर कोणी हात जोडत नाही. तिथे तो दाराआड आहे आणि लोक त्याच्यासाठी डोंगर ओलांडून येतात. ही गोष्ट निघण्याआधी पाहून ठेवली तर पुढे वाटेत पुष्कळ विचार करायला लावते.

सामान र्योझेन्जीच्या दुकानातच मिळतं. पांढरा अंगरखा, वेताची टोपी, गळ्यात घालायचा छोटा पट्टा म्हणजे वागेसा, लाकडी काठी, मेणबत्त्या, उदबत्त्या, नावाच्या चिठ्ठ्या आणि शिक्क्यांची वही. सगळं घेतलंच पाहिजे असं नाही, पण काठी आणि अंगरखा घ्यावा. काठी म्हणजे प्रत्यक्ष दाइशी. यात्रेकरू एकटा नसतो, दोघं चालत असतात, ही सगळ्या यात्रेची मूळ समजूत. मुक्कामी पोचल्यावर आपले पाय धुण्याआधी काठीचं टोक धुवायचं, खोलीत ती मानाच्या जागी ठेवायची. पुलावर काठी टेकवायची नाही, कारण दाइशी एकदा पुलाखाली झोपले होते आणि आजही एखाद्या पुलाखाली असतील. पांढरा अंगरखा हे कफन. पूर्वी वाटेत मेलेल्याला तिथेच पुरून त्याच्या डोक्याशी ही काठी उभी करत. वागेसा मात्र स्वच्छतागृहात जाताना आणि जेवताना काढून ठेवायचा.

वस्तूंचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक मंदिरात दोन सभागृहांपुढे पूजा: एक मुख्य दैवताचं, होंदो, दुसरं कोबो दाइशींचं, दाइशीदो. प्रत्येक ठिकाणी एक मेणबत्ती, तीन उदबत्त्या, एक चिठ्ठी, एक नाणं. म्हणजे पूर्ण परिक्रमेला १७६ मेणबत्त्या, ५२८ उदबत्त्या, १७६ चिठ्ठ्या. चिठ्ठ्या शंभरच्या गठ्ठ्यात मिळतात. दोन गठ्ठे घ्या, उरलेल्या वाटेत लागतातच. पहिल्या चार परिक्रमांपर्यंत चिठ्ठी पांढरी, पाच ते सात हिरवी, आठ ते चोवीस लाल, मग रुपेरी, पन्नासपासून सोनेरी, आणि शंभराच्या पुढे जरीची. जरीची चिठ्ठी कोणी हातावर ठेवली तर ती जपून ठेवतात.

आता क्रम. महाद्वारापाशी थांबून वाकायचं. पाण्याच्या हौदापाशी पळीने आधी डावा हात, मग उजवा, मग ओंजळीत घेतलेल्या पाण्याने चूळ. पळी तोंडाला लावायची नाही. घंटा वाजवायला परवानगी असेल तर एकदा वाजवायची, आणि ती पूजेच्या आधी. परत निघताना वाजवली तर मिळवलेलं जातं असं मानतात. होंदोसमोर मेणबत्ती लावताना काच उघडून मागच्या, वरच्या रांगेत लावावी. पुढे लावली तर नंतर येणाऱ्याचा हात भाजतो. दुसऱ्याच्या पेटलेल्या मेणबत्तीवरून आपली पेटवायची नाही, कारण त्याचं कर्म आपल्यावर येतं. स्वतःचा लायटर हवाच, आणि वारा पुष्कळ असतो म्हणून काडेपेटी कामाची नाही. उदबत्त्या राखेत मधोमध रोवायच्या, त्याही तेवढ्याचसाठी: कडेला लावल्या की मागून येणाऱ्याला जागा राहत नाही आणि हात पोळतो. मग चिठ्ठी पेटीत, नाणं पेटीत, हात जोडून पठण. उभं राहायचं ते कडेला, दारासमोर अगदी मधोमध नाही, कारण मधली वाट सगळ्यांची. पठणात हृदयसूत्र हे छोटं बौद्ध सूत्र, त्या मंदिराच्या दैवताचा मंत्र तीनदा, शेवटी दाइशींचं नाम, 'नामु दाइशी हेन्जो कोंगो'. पाठ असलं तरी पुस्तिका हातात धरून वाचतात, सूत्राचा मान म्हणून. जपानी उच्चार जमत नाही म्हणून गप्प बसू नका. हृदयसूत्राचा शेवटचा मंत्र मुळात संस्कृत आहे, 'गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा'. तो आपल्या उच्चारात म्हटला तरी शेजारचा यात्रेकरू ओळखतो. मग दाइशीदोसमोर हेच सगळं पुन्हा, फक्त मुख्य दैवताचा मंत्र सोडून. सगळं धरून वीस ते तीस मिनिटं लागतात.

चिठ्ठीकडे विशेष लक्ष द्या. तिच्यावर नाव, गाव, तारीख, वय आणि इच्छा लिहायची असते. घरच्यांची सुरक्षा, आजारातून बरं होणं, गेलेल्याला शांती, असं काहीही. मागणं तिथेही आहे. पण ते आदल्या रात्री मुक्कामावर, दिव्याखाली बसून, एकेका चिठ्ठीवर हाताने लिहावं लागतं. दुसऱ्या दिवशीच्या पाच-सहा मंदिरांसाठी दहा-बारा चिठ्ठ्या लिहिताना तीच इच्छा दहा-बारा वेळा उतरवताना हात आपोआप थांबतो. काही इच्छा चौथ्या दिवसानंतर लिहाव्याशा वाटत नाहीत. काही माणसांची नावं, ज्यांच्यासाठी आपण कधी काही मागितलं नव्हतं, त्या चिठ्ठ्यांवर येऊ लागतात. पूजेच्या वेळी चिठ्ठी पेटीत टाकली की मागणं संपलं. पठणाच्या वेळी पुन्हा मागायचं काही उरत नाही. माझ्या दृष्टीने हा या यात्रेचा सगळ्यात मोठा धडा, आणि तो घरी आणता येण्यासारखा आहे.

वहीचा शिक्का पूजेनंतरच घ्यायचा. शिक्क्याच्या खिडकीवर तीन लाल ठसे आणि त्यावर काळ्या शाईत कुंचल्याने दैवताचं नाव लिहून देतात. एप्रिल २०२४ पासून त्याचे ५०० येन पडतात, म्हणजे पूर्ण वहीचे ४४,०००. खिडकी सकाळी ८ ते संध्याकाळी ५. चालणाऱ्यांची गडबड होते ती इथेच. पावणेपाचला धापा टाकत पोचलेला माणूस आधी खिडकीकडे धावतो, पूजा मग उरकतो. एकदा हे जमून गेलं की दुसऱ्या दिवशी ठरवूनच होतं, आणि मग यात्रेचं ठसे गोळा करणं होऊन बसतं. उपाय एकच: दिवसाच्या शेवटचं मंदिर चारपर्यंत गाठता येईल एवढंच अंतर ठरवायचं. उरलं तर उद्या. अनेक जण ही वही शेवटी आपल्याबरोबर चितेवर ठेवायला सांगतात, म्हणून तिच्यात स्वतः काही लिहू नये आणि पावसात ती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी.

मुक्कामाला दोन जेवणांसह साधारण ८,००० ते १०,००० येन, बहुतेक ठिकाणी रोखच. एक-दोन दिवस आधी फोन करून सांगावं लागतं, आणि येणं रद्द झालं तर तेही फोन करूनच. न कळवता न जाणं फार वाईट मानतात, कारण जेवण मोजून केलेलं असतं. चार-पाचपर्यंत पोचायचं, सहाला जेवण. स्नानाच्या हौदात उतरण्याआधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं. शाकाहारी माणसाने स्पष्ट समजून जावं: भाजीच्या आमटीतही सुक्या माशाचं पाणी असतं, कागावाच्या उदोन नावाच्या जाड शेवयांमध्येही. फोन करतानाच 'मांस नको, मासे नकोत' हे सांगून ठेवा. आणि तरीही थेपले, मेतकूट, लोणचं, उपम्याचं तयार पीठ बरोबर असू द्या. भात सगळीकडे मिळतो.

अकराव्या मंदिराहून बाराव्या शोसानजीला जाणारा डोंगर सगळ्यात आधी माणसाला तपासतो. तेरा किलोमीटरच्या आसपास अंतर, पण चढ-उतार इतके की सहा ते आठ तास धरावे. मध्ये दुकान नाही. पाणी दोन लिटर, भाताचे गोळे, आणि सकाळी सातच्या आत सुरुवात. शोसानजीच्या खाली एमोन साबुरोची जागा आहे. हा श्रीमंत माणूस दारात आलेल्या भिक्षूला रोज हाकलत असे. आठव्यांदा त्याने भिक्षापात्र फोडलं, त्याचे आठ तुकडे झाले. मग त्याची मुलं एकामागून एक गेली. तो भिक्षू म्हणजे दाइशी होते हे कळल्यावर तो त्यांना शोधत बेटाभोवती वीस फेऱ्या फिरला, भेट झाली नाही. एकविसाव्यांदा उलट्या दिशेने निघाला आणि इथे, मरणाच्या दारात, त्याला दाइशी भेटले. म्हणून लीप वर्षात उलट परिक्रमेचं पुण्य जास्त मानतात. येतं लीप वर्ष २०२८.

त्या कथेनंतर ओसेत्ताई, म्हणजे यात्रेकरूला वाटेत दिलेलं दान, समजते. वाटेत अनोळखी माणसं संत्री देतात, गरम चहा देतात, गाडी थांबवून शंभर येनचं नाणं हातावर ठेवतात, कधी रात्रीची जागा देतात. ते नाकारायचं नाही. पैसे काढून परतफेड करायची नाही. हात जोडायचे, दाइशींचं नाम घ्यायचं आणि आपली एक चिठ्ठी द्यायची. देणारा आपल्याला देत नसतो. आपल्याबरोबर चालणाऱ्याला देत असतो. दान करायची सवय असलेल्या माणसाला घेणं फार कठीण जातं. अन्नछत्राला पावती फाडणारा हात रिकामा पुढे करायचा असतो. पहिल्या दोन-तीन वेळा 'नको, नको' तोंडातून येतंच, आणि समोरच्या आजीचा चेहरा उतरतो. तिथे समजतं की आपण तिची पूजा अडवली.

तेविसावं मंदिर याकुओजी समुद्राकाठी. इथल्या जिन्यात बायकांसाठी ३३ आणि पुरुषांसाठी ४२ पायऱ्या आहेत, त्या-त्या वयाची वर्षं अवघड मानतात म्हणून. लोक प्रत्येक पायरीवर एकेक नाणं ठेवत वर जातात. पहिला टप्पा इथे संपतो. हिवासा स्टेशनवरून गाडीने तोकुशिमा.

हाताशी एक दिवस जास्त असेल तर ताकामात्सुला जाऊन ८५वं मंदिर, याकुरीजी, पाहावं. केबल कार वर नेते. इथे आपला गणपती आहे, कांगितेन या नावाने. जपानात हे दैवत फार कडक मानतात. मूर्ती कधी दाखवत नाहीत. तिचं तेलाचं स्नान पुरोहित बंद दाराआड करतात. नैवेद्याला मुळा आणि तळलेली गोड करंजीसारखी मिठाई. केलेला नवस मोडला तर क्षमा नाही असं भक्त सांगतात. घरी दीड दिवस, पाच दिवस गणपतीला मांडीवर घेऊन वाढलेल्या मुंबईकराला या दारासमोर उभं राहणं सोपं नाही. ज्याचा चेहरा डोळे मिटूनही दिसतो, तो इथे आत आहे आणि दिसणार नाही. पण तिथे अथर्वशीर्ष म्हणून बघा. दर्शनाशिवाय ते किती वेगळं म्हटलं जातं, ते प्रत्येकाने स्वतः अनुभवावं.

परतल्यावर दोन गोष्टी टाळाव्यात. 'तिथे किती स्वच्छ, किती शांत' हे पालुपद लावू नये. ती पर्यटकाची तक्रार आहे. आणि तिथलं सगळं सोज्वळ होतं असंही मानू नये. कोया पर्वतावर स्त्रियांना १८७२ पर्यंत अधिकृत बंदी होती. महारोगी यात्रेकरूंना वेगळ्या, आडवाटांनी जावं लागे. बंद दाराची गोष्ट निघाली की आपल्याकडे चोखोबा आठवायला हवेत. त्यांच्यासाठी दार बंद होतं ते जातीमुळे, आणि त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर आहे. शिकोकूचं दार सगळ्यांसाठी सारखंच बंद असतं. हा फरक धूसर होऊ देता कामा नये. दर्शनावाचून भक्ती होते हे चोखोबांनी जगून दाखवलं, पण त्यामुळे त्यांना बाहेर ठेवणाऱ्यांचं पाप कमी होत नाही. आजही आषाढीला हजारो वारकरी कळसाला हात जोडून परत फिरतात. शिकोकूला जे शिकायला मिळतं ते आपल्या वाटेवर आधीपासून होतं. आपण रांगेत उभं राहून विसरलो होतो.

मुंबईत प्रत्यक्ष बदलतं ते असं. वडाळ्याच्या विठ्ठलाला किंवा महालक्ष्मीला गर्दी असेल तर बाहेर कडेला उभं राहून, ठरलेलं पठण पूर्ण करून परत यायला जमू लागतं. दर्शन हुकलं याची चुटपुट राहत नाही. घरच्या पूजेत मागणं आदल्या रात्री कागदावर लिहून देव्हाऱ्याखाली ठेवावं आणि पूजेच्या वेळी फक्त पूजा करावी. हे आठवडाभर केलं तरी फरक कळतो. वरळीच्या जपानी बुद्धमंदिरात संध्याकाळी ढोलाच्या ठेक्यावर नाम चालतं. तो पंथ निचिरेन या दुसऱ्या जपानी भिक्षूचा, शिंगोन नव्हे, पण बसायला जरूर जावं.

आणि ओसेत्ताई. मुंबईहून शिर्डीला पायी निघणाऱ्या पालख्या नाशिक महामार्गाने, कसारा घाटातून जातात. त्यांना चहा-बिस्किटं पुष्कळ मिळतात. कमी पडतं ते दुसरंच: उकळून निर्जंतुक केलेली सुई आणि फोडांवर लावायचं मलम, सुती मोजे, मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं, पाय बुडवायला कोमट पाण्याच्या बादल्या, बायकांसाठी कडी असलेलं स्वच्छतागृह. घाट चढण्याआधी, पहाटे चार ते सातच्या दरम्यान हे घेऊन उभं राहिलं तर उपयोग होतो. दुपारी लोक सावलीत झोपलेले असतात. चौघं जण आणि एक टेम्पो पुरतो. देताना फोटो काढायचे नाहीत, आणि कोणी हातात प्रसादाचा खडीसाखरेचा खडा दिला तर 'नको' म्हणायचं नाही.